पारंपरिक धनुष्याने रानटर्कीची शिकार : ओढ केव्हा घ्यायची?

विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकांनी विचारले आहे की, ते काही वर्षे ४५ पौंडी (म्हणजे पूर्ण ओढायला ४५ पौंड जोर लागणाऱ्या) रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या पारंपरिक, धनुष्याने निशाणावर सराव करत आहेत आणि २० यार्डांवरून त्यांचे बहुतेक बाण जेवणाच्या कागदी थाळीएवढ्या वर्तुळात बसतात. मात्र गेल्या वसंतात नर टर्की जवळ येऊनही त्यांनी धनुष्य ओढायला सुरुवात करताच तो पळून गेला, आणि हे एकापेक्षा अधिक वेळा घडले. त्यामुळे ५५ पौंडी धनुष्य घेऊन थोड्या लांबून बाण सोडावा का, तंबूसारखे लपण विकत घेणे खरोखर आवश्यक आहे का आणि नेम नक्की कुठे धरावा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. तिन्ही प्रश्न योग्य आहेत, पण त्यांचा क्रम बदलायला हवा असे मला वाटते. तुमची अडचण धनुष्याच्या ताकदीची नाही आणि बहुधा नेमाचीही नाही. पक्षी तुमच्या टप्प्यात आला होता, म्हणजे जागा आणि त्याला बोलावण्यासाठी दिलेली हाक दोन्ही बरोबर होती. जे बिघडले ते ओढ घेण्याच्या दीड-दोन सेकंदांत बिघडले. पारंपरिक धनुष्याने टर्कीची शिकार करणाऱ्याने बाकीची सगळी मांडणी या दोन सेकंदांसाठी करायची असते, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

त्याआधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. हंगामाच्या तारखा, दिवसातील वेळा, धनुष्याची किमान ताकद, बाणाच्या पात्याची किमान रुंदी, बनावट पक्षी ठेवण्याचे नियम हे सर्व राज्यागणिक वेगळे आहेत. काही राज्यांत वसंतातील शिकार दुपारी थांबवावी लागते, पेनसिल्व्हेनियात वसंतात फक्त हाक देऊन पक्ष्याला बोलावण्याची मुभा आहे, त्याच्या मागावर दबकत जाण्याची नाही. मी पुढे जे लिहितो ते विस्कॉन्सिनच्या नैऋत्य भागातल्या ओकच्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याची मक्याची शेते आणि तिथला पूर्वेकडील उपजातीचा पक्षी यांच्या अनुभवावरून आहे. टेक्सासच्या उघड्या माळावर किंवा फ्लोरिडाच्या दलदलीत अंतरे आणि आडोसे वेगळे असतात. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे सारे विवेचन अमेरिकेतील परवानाधारक शिकाऱ्यापुरतेच आहे, हे तिकडच्या वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

टर्कीचे घाणेंद्रिय फारसे कामाचे नाही. हरणासाठी आपण वाऱ्याचा जितका विचार करतो तितका इथे करावा लागत नाही. पण त्याचे डोळे आणि कान याची भरपाई पुरेपूर करतात. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न हलवता त्याला जवळजवळ सगळा भोवताल दिसतो, आणि मान किंचित वळवली की राहिलेला भागही नजरेत येतो. तो रंग ओळखतो आणि अतिनील प्रकाशाचाही काही भाग पाहू शकतो. म्हणूनच कपडे उजळवणाऱ्या साबणाने धुतलेला शिकारी पोशाख आपल्याला मळकट हिरवा दिसला तरी त्याच्या डोळ्यांना वेगळा भासू शकतो. मात्र त्याची नजर सर्वांत जास्त तयार आहे ती हालचाल टिपण्यासाठी. स्थिर बसलेल्या माणसाला तो पुष्कळदा झाडाचा बुंधा समजून सोडून देतो, पण तोच माणूस हात खांद्यापर्यंत नेऊ लागला की एका क्षणात 'पुट्' असा तुटक आवाज करून निघून जातो. हा आवाज ऐकू आला की तो प्रसंग संपला असे समजावे. घाईने सोडलेला बाण त्या वेळी जखमी पक्ष्याशिवाय काहीच देत नाही.

आता पारंपरिक धनुष्याची अडचण इथे नेमकी कुठे येते ते पाहू. कंपाउंड धनुष्य पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे हातावरचा बराचसा भार कमी होतो, त्यामुळे पक्षी झाडाआड असतानाच ओढ घेऊन तो बाहेर येईपर्यंत शिकारी थांबू शकतो. रिकर्व्ह आणि लाँगबो या पारंपरिक धनुष्यांत ही सवलत नाही. पूर्ण ओढीवर संपूर्ण भार बोटांवर असतो आणि दोन-तीन सेकंदांपलीकडे थांबले की खांदा थरथरू लागतो व बाण बिघडतो. म्हणजे आपल्याला ओढ पक्षी समोर असतानाच, बाण सोडण्याच्या अगदी लगतच्या आधी घ्यावी लागते. यावर ५५ पौंडी धनुष्य हा उपाय कसा असेल? उलट ते ओढायला अधिक कष्ट पडतील, हालचाल मोठी आणि धक्क्याची होईल, पहाटेच्या थंडीत आखडलेल्या स्नायूंनी तर फारच.

लांबून बाण सोडण्याचा विचारही असाच तपासून पाहा. ४५ पौंडी रिकर्व्हचा बाण साधारण सेकंदाला १७० फुटांच्या आसपास जातो. १५ यार्ड म्हणजे ४५ फूट, तिथे पोहोचायला त्याला पाव सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. २५ यार्डांवर तोच वेळ अर्ध्या सेकंदाच्या जवळ जातो. प्रत्यंचेचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पक्ष्यापर्यंत पोहोचलेला असतो. टर्की क्वचितच पूर्ण स्थिर उभा राहतो, आणि अर्ध्या सेकंदात एक पाऊल पुढे पडले तर बाण मर्मस्थानाऐवजी पोटात किंवा मांडीत लागतो. दहा पौंडांनी ताकद वाढवून बाणाचा वेग फार तर दहा-पंधरा फुटांनी वाढेल, आणि त्या धनुष्याला योग्य असा जड बाण लावला तर तेवढाही वाढणार नाही. टर्कीच्या शरीरातून जाण्यासाठी ४० ते ४५ पौंड पुरेसे आहेत. तुमचे धनुष्य बदलू नका.

तर मग ओढ केव्हा घ्यायची? ज्या क्षणी त्याचा डोळा तुम्हाला पाहू शकत नाही, त्याच क्षणी. असे क्षण मुख्यत्वे तीन प्रकारे मिळतात. पहिला, तो जाड बुंध्यामागून किंवा उंचवट्यामागून जात असतो तेव्हा. फक्त डोके झाकले जाणे पुरेसे आहे, शरीर दिसत असले तरी हरकत नाही. दुसरा, तो शेपटीचा पंखा उभारून फुगलेला असतो आणि फिरता फिरता तुमच्याकडे पाठ करतो तेव्हा. त्या वेळी उभारलेला पंखा त्याच्या डोक्याच्या आणि तुमच्या मध्ये भिंतीसारखा येतो आणि त्याला मागचे काहीही दिसत नाही. तिसरा, तो बनावट पक्ष्यावर तुटून पडलेला असतो आणि त्याचे लक्ष पूर्णपणे तिकडे असते तेव्हा. तिसऱ्या संधीवर मी लपणाबाहेर बसलेला असताना भरवसा ठेवत नाही, कारण भांडणारा पक्षीही डोळ्याच्या कडेने पाहतच असतो. दुसरी संधी मला सर्वांत चांगली वाटते, आणि तिची विशेष गोष्ट अशी की ती आपण घडवून आणू शकतो.

ती घडवायची बनावट पक्ष्याच्या, म्हणजे डिकॉयच्या, मांडणीने. बंदुकीचा शिकारी डिकॉय २० यार्डांवर ठेवतो. आपण तो सात-आठ यार्डांवर ठेवावा, म्हणजे नर त्याच्या पलीकडे थबकला तरी टप्प्यातच राहील. वर्षाच्या कोवळ्या नराचा, म्हणजे जेकचा, डिकॉय वापरत असाल तर त्याचे तोंड तुमच्या दिशेने करा. मोठा नर आव्हान द्यायला येतो तेव्हा तो प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहू पाहतो. डिकॉयचे तोंड तुमच्याकडे असले की तो वळसा घालून तुमच्या आणि डिकॉयच्या मध्ये येतो आणि त्याची पाठ व पंखा तुमच्याकडे होतो. मादीच्या डिकॉयकडे मात्र तो बहुधा मागच्या बाजूने जातो, म्हणून ती आडवी किंवा किंचित तिरकी ठेवली तर नराची बाजू तुम्हाला मिळण्याचा संभव जास्त. हंगामाच्या सुरुवातीला, नर एकमेकांशी वरचढपणा ठरवत असतात तेव्हा, जेक आणि मादी एकत्र ठेवणे परिणामकारक ठरते. मेच्या मध्यानंतर अनेकदा मार खाल्लेले कोवळे नर जेकचा डिकॉय पाहूनच दूर होतात, आणि तेव्हा एकटी मादी ठेवणे किंवा काहीच न ठेवणे शहाणपणाचे ठरते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. लपण अत्यावश्यक नाही, पण पहिल्या पक्ष्यासाठी ते घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. हरीण नव्या तंबूकडे दिवसेंदिवस संशयाने पाहते. टर्की मात्र मोकळ्या शेतात आदल्या रात्री उभारलेल्या तंबूच्या शेजारून निःशंकपणे जातो. लपणाची आतली बाजू काळी असते आणि त्या अंधाराचाच उपयोग करायचा असतो. काळा सदरा, काळे हातमोजे, काळा मुखवटा घालावा, मागच्या भिंतीशी बसावे, पाठीमागच्या व बाजूच्या खिडक्या पूर्ण बंद ठेवाव्यात आणि समोरची एकच खिडकी गरजेपुरती उघडावी. मागची खिडकी उघडी राहिली तर तुमची आकृती उजेडावर उमटते आणि लपणाचा सारा उपयोग जातो. जाळीतून बाण सोडण्याची सोय अनेक लपणांत असते, पण आपल्या बाणांना पिसे असतात आणि जाळीत ती अडकून बाण भरकटू शकतो. मी जाळी नेहमी बाजूला करतो.

पारंपरिक धनुष्यासाठी लपण निवडताना उंची पाहणे सर्वांत महत्त्वाचे. ६६ किंवा ६८ इंची लाँगबोची वरची भुजा छताच्या आडव्या दांडीला लागते, खालची जमिनीला किंवा स्टुलाला, आणि नेमके बाण सोडतानाच हे कळते. ५६ ते ६० इंची रिकर्व्ह इथे सोयीची. धनुष्य थोडे तिरके धरण्याची सवय असेल तर आणखी जागा मिळते. स्टूल असे निवडा की बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर राहतील आणि खिडकीची खालची कड बाणाच्या मार्गाखाली राहील. बाण डोळ्याच्या बऱ्याच खालून निघतो, त्यामुळे डोळ्याला पक्षी मोकळा दिसत असतानाही बाण खिडकीच्या कडेला लागू शकतो. घरच्या अंगणात तेच लपण उभारून, त्याच स्टुलावर बसून, त्याच कपड्यांत सराव करणे याला पर्याय नाही. मुखवट्यामुळे हाताचा गालावरचा टेका बदलतो, हातमोज्यामुळे सुटकेचा अंदाज बदलतो, आणि बसल्यामुळे कंबरेचा सारा आधार बदलतो. उभे राहून टी-शर्टमध्ये मारलेले बाण तुमची खरी क्षमता सांगत नाहीत.

लपणाशिवाय बसायचे असेल तर खांद्यांपेक्षा रुंद बुंधा पाठीशी हवा आणि समोर कंबरेएवढ्या उंचीचा फांद्यांचा आडोसा हवा. बाण प्रत्यंचेला लावलेला, धनुष्य डाव्या मांडीवर उभे टेकवलेले, बोटे प्रत्यंचेवर, अशा स्थितीत थांबावे, म्हणजे शेवटी फक्त हात पुढे आणि मागे करण्याएवढीच हालचाल उरते. उजव्या हाताने ओढणाऱ्याने आपला डावा खांदा अपेक्षित दिशेकडे करून बसावे. समोरासमोर बसल्यास उजवीकडे बाण सोडणे जवळपास अशक्य होते. आणि एक गोष्ट अशी आहे की तिचा सराव फारच थोडे लोक करतात : ओढलेले धनुष्य बाण न सोडता हळूच परत सैल करणे. पक्षी अर्धवट वळला, मध्ये फांदी आली, मागे दुसरा पक्षी आला, अशा वेळी ओढ सैल करता आली पाहिजे. ज्याला हे जमत नाही तो ओढ घेतली म्हणून बाण सोडतो, आणि बहुतेक वाईट जखमा अशाच होतात.

हाक देण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात तुम्हाला अडचण दिसत नाही. स्लेटवर किंवा लाकडी पेटीवर घासून मादीचा आवाज सुरेख काढता येतो, पण दोन्हींना हात लागतात. तोंडात ठेवायचा पातळ पडद्याचा डायाफ्राम शिकून घ्या, म्हणजे हात धनुष्यावर राहतील. नर चाळीसेक यार्डांच्या आत आला की मी हाक पूर्ण थांबवतो. आवाज कुठून आला हे त्याला आश्चर्यकारक अचूकतेने कळते, आणि जवळून हाक दिली की तो डिकॉयकडे पाहण्याऐवजी तुमच्याच झुडपाकडे टक लावून पाहू लागतो. पहाटे झाडावरून उतरल्यावर नराभोवती माद्या असतात आणि तो हाकेला उत्तर देऊनही येत नाही. नऊनंतर माद्या अंडी घालायला घरट्यांकडे जातात, नर एकटा पडतो आणि पुन्हा फिरू लागतो. अनेक शिकारी तेव्हा न्याहारीसाठी परत गेलेले असतात. माझ्या मते धनुष्याच्या शिकाऱ्यासाठी उशिराची सकाळ हाच दिवसाचा सर्वांत चांगला भाग आहे, कारण एकट्या पक्ष्याची दोनच डोळ्यांची नजर चुकवायची असते.

आता नेमाचा प्रश्न. याला मी सर्वांत जास्त जागा देतो, कारण बहुतेक जखमी होऊन हरवणारे पक्षी इथेच हरवतात. मोठ्या नराचे वजन १८ ते २२ पौंड असले तरी हृदय आणि फुप्फुसे मिळून जेमतेम मुठीएवढी जागा व्यापतात, आणि ती जागा नवख्याला वाटते त्यापेक्षा वर आणि मागे असते. फुगलेला नर म्हणजे गोधडीत गुंडाळलेले कवठ. आपल्याला गोधडीचा घेर दिसतो, कवठ कुठे आहे हे माहीत असावे लागते. छातीचा जो भव्य पुढचा भाग दिसतो त्यात पिसे, अन्नाची पिशवी आणि स्नायू आहेत. तिथे लागलेला बाण आरपार जातो आणि पक्षी उडून जातो.

पक्षी आडवा उभा असेल तर पंख शरीराला जिथे जोडलेला असतो तो सांधा शोधा आणि त्याच्या किंचित मागे नेम धरा. दुसरी खूण म्हणजे पायांची रेषा सरळ वर न्या आणि शरीराच्या मध्यापेक्षा थोडे वर थांबा. तिथे चूक थोडी मागे झाली तरी कंबरेची आणि मांडीची हाडे मोडतात, पक्ष्याला पळता किंवा जमिनीवरून झेप घेता येत नाही आणि तो तिथेच सापडतो. चूक खाली होऊ देऊ नका. पाठमोरा आणि पंखा उभारलेला असेल तर पंख्याची पिसे जिथे एकत्र येतात त्या बुडाच्या मध्यावर बाण सोडा. तो शरीराच्या लांबीतून पुढे जाऊन मर्मस्थानी पोहोचतो. ओढ घेण्याची सर्वांत सुरक्षित संधी आणि नेमाची ही स्पष्ट खूण एकाच वेळी मिळतात, आणि डिकॉयच्या मांडणीवर मी इतका जोर दिला तो याचसाठी. पाठमोरा पण न फुगलेला असेल तर दोन्ही पंखांच्या मधोमध पाठीच्या कण्यावर नेम धरावा. समोरून तोंड करून उभ्या असलेल्या नराच्या छातीवर दाढीसारखा केसांचा झुपका असतो, त्याच्या मुळाच्या जरा वर मर्मस्थान येते हे खरे. पण ती जागा अरुंद आहे आणि त्याची नजरही तुमच्यावरच असते, म्हणून मी तो बाण सोडत नाही. डोक्यावर आणि मानेवर रुंद पात्यांनी नेम धरणारे लोक आहेत. सतत पुढेमागे हलणाऱ्या मानेवर पारंपरिक धनुष्याने तसे करणे मला पटत नाही.

पक्षी कसा उभा आहे याइतकाच तो कोणत्या मनःस्थितीत आहे हाही प्रश्न आहे. मान ताठ, डोके वर आणि पिसे अंगाशी चप्प बसलेली असतील तर तो उडण्याच्या तयारीत आहे; प्रत्यंचेच्या आवाजाला तो दचकणारच. चरणारा किंवा फुगून हळू चालणारा पक्षी निवांत असतो. त्याच्यासाठी थांबा.

यावरून अंतराचे उत्तर आपोआप येते. तुमची कागदी थाळी नऊ इंचांची असेल, तर २० यार्डांवर तीत बसणारे बाण टर्कीसाठी पुरेसे नाहीत. चार इंची वर्तुळ काढा, सकाळी उठल्यावर अंग मोकळे न करता लपणात स्टुलावर बसा आणि फक्त एकच बाण सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच. ज्या अंतरावर हा पहिला आणि एकमेव बाण दिवसामागून दिवस त्या वर्तुळात बसतो ते तुमचे अंतर, मग ते १० यार्ड असो की १५. माझ्यासाठी ते १५ आहे, आणि पुष्कळ वर्षांच्या सरावानंतरही ते वाढवावे असे मला वाटलेले नाही. टर्कीच्या आकाराचे त्रिमितीय निशाण मिळते, त्यावर रंगीत टिकली न लावता सराव करा; आख्ख्या पक्ष्याकडे न पाहता एका पिसाच्या कडेवर नजर रोखण्याची सवय त्यामुळेच लागते.

हा आग्रह मी एका कारणासाठी धरतो. विस्कॉन्सिनमधून हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंगलतोड आणि बेबंद शिकारीमुळे नाहीसा झाला होता. १९७६ मध्ये मिसुरी राज्याने आपले रानटर्की दिले, बदल्यात विस्कॉन्सिनने ग्राउस पक्षी दिले, आणि व्हर्नन काउंटीत सोडलेल्या त्या थोड्या पक्ष्यांपासून संख्या इतकी वाढली की १९८३ मध्ये पुन्हा वसंतातील हंगाम सुरू करता आला. शस्त्रे व दारूगोळ्यावरील १९३७ च्या केंद्रीय कराचा पैसा अशा कामांना मिळतो, आणि पुढे धनुष्यबाणांवरही तो कर लागू झाला, म्हणजे तुमच्या आमच्या धनुष्याच्या किमतीतही त्याचा वाटा आहे. ज्यांनी हा पक्षी परत आणला त्यांच्या श्रमांचा मान आपण फक्त खात्रीचा बाण सोडूनच राखू शकतो.

बाणाबद्दल माझी पसंती साधी आहे. ४५ पौंडी धनुष्याला ४५० ते ५०० ग्रेन (बाण मोजायचे वजनाचे लहान एकक) वजनाचा बाण, लाकडी असो वा कार्बनचा, आणि स्थिर पात्याचे, दोन किंवा तीन धारांचे, सव्वा इंचाच्या आसपास रुंदीचे टोक. आदळल्यावर उघडणारी पाती उघडण्यातच ऊर्जा खर्च करतात, आणि आपल्या धनुष्यांकडे ती जास्तीची नसते. पाते नवे असले तरी स्वतः धार लावा, इतकी की हातावरचे केस सहज निघावेत. प्रत्यंचेवर लोकरीचे किंवा रबरी गोंडे बांधले की तिचा आवाज बराच दबतो. आपण बाणांना लावतो ती पिसे बहुतेक टर्कीच्या पंखांचीच असतात, त्यामुळे मिळालेल्या पक्ष्याच्या पंखांतील लांब पट्टेदार पिसे जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या बाणांना ती उत्तम चालतात.

बाण लागल्यानंतरची काही मिनिटे निर्णायक असतात. पक्षी नजरेसमोर कोसळून फडफडत असेल तर लगेच जवळ जाऊन पायाखाली मान दाबून धरा आणि पायांमागच्या टोकदार नख्यांपासून हात सांभाळा. तो चालत किंवा उडत गेला तर मात्र जागचे हलू नका. शेवटचा दिसला ते झाड, तो ज्या दिशेने गेला ती दिशा आणि पंखांचा आवाज कुठे थांबला हे सारे मनात पक्के करा, आणि निदान अर्धा तास थांबा. बाण मागे लागल्याची शंका असेल तर काही तास. टर्कीची पिसे रक्त शोषून घेतात, त्यामुळे हरणासारखा रक्ताचा माग मिळत नाही. जखमी पक्षी जवळच्या ओंडक्याखाली, पडलेल्या फांद्यांच्या ढिगात किंवा ओढ्याच्या काठच्या गवतात शिरून निश्चल बसतो आणि हातभर अंतरावरून माणूस निघून जाऊ शकतो. शेवटच्या खुणेपासून वर्तुळे वाढवत नेऊन प्रत्येक आडोसा हाताने बाजूला करून पाहा. त्या दिवशी दुसरे कोणतेही काम ठरवून ठेवू नका.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी कोणतीही सूट देत नाही. नराचे डोके लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगाचे असते, म्हणून या तीन रंगांचा रुमाल, मोजा किंवा आतला सदरासुद्धा दिसू देऊ नका. डिकॉय नेताना आणि मिळालेला पक्षी आणताना ते भडक नारिंगी पिशवीत किंवा कापडात ठेवा. सार्वजनिक जमिनीवर नराच्या आवाजाच्या मागावर दबकत जाऊ नका, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याने काढलेला असू शकतो. दुसरा माणूस येताना दिसला तर हात हलवू नका, स्वच्छ मोठ्या आवाजात बोला. मे महिन्यात या टेकड्यांत लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी फार असतात. संध्याकाळी सर्व अंग तपासा.

थोडक्यात तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरे अशी : धनुष्य आहे तेच ठेवा आणि अंतर वाढवण्याऐवजी कमी करा, पहिल्या हंगामासाठी उंच लपण घ्या आणि जेकचा डिकॉय तोंड तुमच्याकडे करून सात-आठ यार्डांवर ठेवा, नर पंखा उभारून पाठमोरा होईल तेव्हा ओढ घ्या आणि पंख्याच्या बुडावर, किंवा तो आडवा झाल्यास पंखाच्या सांध्याच्या किंचित मागे, नेम धरा.

परवान्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्यासारख्या अनेकांना त्यात अडचण येते म्हणून लिहितो. विस्कॉन्सिनमध्ये वसंतातील हंगाम सात-सात दिवसांच्या सहा कालखंडांत विभागलेला असतो आणि विभाग व कालखंड यांच्या सोडतीसाठी अर्ज आदल्या वर्षीच्या १० डिसेंबरपर्यंत करावा लागतो; उरलेले परवाने मार्चमध्ये विक्रीला येतात. पारंपरिक धनुष्यासाठी मी चौथा किंवा पाचवा कालखंड मागतो, कारण तोवर झाडांना पाने फुटून आडोसा मिळतो आणि बऱ्याच माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. कामाच्या व्हिसावर राहणाऱ्यांसाठी बंदूक बाळगण्याचे केंद्रीय नियम वेगळे आहेत. धनुष्य त्या कायद्यात बंदूक ठरत नाही, पण शिकारीचा परवाना आणि प्रशिक्षण धनुष्यालाही लागतेच. पक्षी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत राज्याच्या नोंदणी व्यवस्थेत त्याची नोंद करा.